हरकत घेणाऱ्याने लिहावे

बुधवार, १४ ऑक्टोबर
दुपारी

ती. ताईस,

वाकून नमस्कार, आणि पत्राला उशीर झाला म्हणून कान पकडतो. तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत. दुसऱ्याची सुरुवातच तू "जिवंत आहेस ना?" अशी केलीस, ते वाचून हसू आलं आणि लाजही वाटली. जिवंत आहे. खोकला बराच कमी आहे. जेवण वेळेवर होतं, कारण अध्यक्षांना भूक लागली की बैठक आपोआप संपते. भाचेबुवा तुरुंगातून कधी सुटणार, या तुझ्या प्रश्नाचं पुढे लिहितो.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. राज्यघटनेचा मसुदा लिहायला आम्हाला जुन्या जकात कचेरीचा वरचा मजला दिलाय. खोलीभर दोऱ्या बांधल्या आहेत. प्रत्येक कलमाचा कागद कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दोरीला लावायचा आणि दुरुस्ती झाली की नवा कागद जुन्यावर. खिडकी उघडली की सगळा देश फडफडायला लागतो, असं आमचे मास्तर म्हणतात. हे मास्तर म्हणजे समितीतले एक निवृत्त शिक्षक. कुठल्याही ठरावाला आधी नाही म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे नकारघंटा म्हणतो.

अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. जो हरकत घेईल त्यानेच पर्यायी मजकूर लिहून आणायचा, नुसतं नाक मुरडणं चालणार नाही. मला तो नियम फार आवडला होता. आता तोच माझ्या अंगाशी आलाय.

अटकेचं मूळ कलम मीच लिहिलं होतं, तुला कळवलं होतं. न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोणालाही कोंडून ठेवता येणार नाही, एवढंच. ते तसंच राहिलं असतं तर घटना लागू होताच भाचेबुवा घरी आले असते. भिंतीवर पत्रकं चिकटवणाऱ्या पोरावर खटला भरायला त्यांच्याकडे आहे तरी काय?

मग सरकारकडून एक पुरवणी आली. शांततेला धोका वाटल्यास कोणालाही, कितीही काळ ठेवता येईल, अशी. मजकूर इतका ओबडधोबड की निम्मी समिती हसली. मी हसलो नाही. मी ताडकन उठलो आणि हरकत घेतली. अध्यक्ष म्हणाले, मग आणा लिहून.

आणि ताई, मी आणलं लिहून. इथून पुढे मला माझंच कळत नाही. मला वाटत होतं की मी त्या पुरवणीला वेसण घालतोय. अटकेचं कारण लेखी द्यायचं, मुदत ठरवायची, तिघांच्या मंडळाने तपासायचं, घरच्यांना भेटू द्यायचं. शब्द न् शब्द घासून घेतला. लिहिताना मजा येत होती, खोटं कशाला बोलू? कागद दोरीला लागला तेव्हा सगळे भोवती जमले. मास्तर बराच वेळ वाचत उभे राहिले.

"कालच्या मजकुराला मी नाहीच म्हणणार होतो," ते म्हणाले. "आम्ही बरेच जण म्हणणार होतो. पण आता याला नाही कसं म्हणायचं?"

आणि त्यांनी हात वर केला. त्यांचा हात पाहून बाकीच्यांचेही वर गेले.

जिना उतरताना अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "तुम्ही हरकत घेतली नसती तर ही पुरवणी पडलीच असती हो."

तेव्हा आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो सुटणार नाही, ताई. कारण लेखी द्यायचंय, ते देतील. मुदत आहे, ती वाढवतील. वाढवायची सोयही मीच ठेवली आहे, कारण तिच्यावाचून मजकूर अपुरा दिसत होता.

तू म्हणशील, मग पुन्हा हरकत घे. शुक्रवारी शेवटचं वाचन आहे, घेता येईल. पण मग पुन्हा मीच लिहायचं, आणि लिहू काय? वसंतात धान्याचं गोदाम जाळलं, ती बातमी तू वाचली असशील. आगीत रखवालदार गेला. ज्याने ती लावली तो पकडला गेलाय, पण साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. रखवालदाराची बायको रोज आमच्या जिन्यात येऊन बसते आणि जो दिसेल त्याला एकच विचारते, तो सुटणार का? तुझ्या लेकाला सोडणारं जे वाक्य लिहावं, ते त्यालाही सोडतं. त्याला अडवणारं लिहावं तर ते तुझ्या लेकाला अडवतं. एका पोरापुरतं कलम लिहिता येत नाही गं. कालपासून कोरा कागद पुढ्यात आहे आणि डोकं चालत नाही.

त्या बाईला मी परवाच सांगून टाकलं, सुटणार नाही. तिने माझे हात धरले. मी चांगलं केलं की वाईट, ते तिच्याकडे बघून कळत होतं आणि तुझं पत्र उघडलं की कळेनासं होतं. शुक्रवारी मी उठेन की मान खाली घालून बसून राहीन, मला खरंच ठाऊक नाही. माझ्यावर खुशाल चीड. पण बोलणं टाकू नकोस.

तू लिहिलं आहेस की कोठडीत घाबरलेल्या पोरांना तो धीर देतो, "आपलं कलम माझा मामा लिहितोय." रविवारी भेटीला जाशील तेव्हा त्याला सांग, मामाने लिहिलं.

तुझ्यासमोर यायला धजत नसलेला,
तुझा धाकटा