नऊ नंबर

३ ऑक्टोबर

चौदा! सतरा वर्षं पाठीवर नऊ नंबर घेऊन बास्केटबॉल खेळले, आणि नव्या क्लबने हातात चौदा नंबरची जर्सी ठेवली. इथे नऊ चिमणीचा — बावीस वर्षांची पोर, अंगात वारं शिरल्यासारखी पळते. मॅनेजर म्हणाले, "नोंदणी झाली. सीझन संपेपर्यंत बदल नाही."

त्यांना काय सांगू? आई हल्ली दादालाही "तुम्ही कोण?" विचारते. पण टीव्हीवर आमचा सामना लागला की बोट दाखवते — "नऊ नंबर. माझी धाकटी." तिच्यापाशी माझं तेवढंच उरलंय.

११ ऑक्टोबर

जिंकलो. दादाचा फोन — आईने टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले. चिमणीसाठी! "धाकटी किती चपळ झाली गं बाई!" चौतिसाव्या वर्षी हे कौतुक, तेही दुसरीच्या पायांचं. आधी खूप हसले. मग नळ सोडून रडले.

दादा म्हणाला, "एकदा येऊन जा." म्हटलं, सीझन संपू दे.

१२ ऑक्टोबर

चिमणीशी दिवसभर तुसड्यासारखी वागले. तिचा काय दोष?

१९ ऑक्टोबर

काल चिमणीला सगळं सांगून टाकलं. आज तिने पहिला बास्केट टाकला आणि कॅमेऱ्याकडे वळून हात हलवला! नंतर मला विचारते, "ताई, आईंनी बघितलं असेल ना?" फ्री थ्रोआधी तळहाताने बुटांचे तळ पुसायची माझी सवयही उचललीय. इतकं गुणी असायची काय गरज होती? आता धड रागावताही येत नाही.

२५ ऑक्टोबर

सरावात गुडघा पिरगळला. फिजिओ म्हणाली, "उद्या गपचूप बाकावर बसायचं." बसते बाई.

२६ ऑक्टोबर

पूर्ण सामना बाकावर, गुडघा चोळत. चिमणीने एकवीस पॉइंट केले. मीच दादाला फोन लावला — आज तर आई खूश असेल!

"नऊ नंबरकडे तिचं लक्षच नव्हतं गं. कॅमेरा बाकावर गेला की उठून टीव्हीजवळ जायची. सारखं एकच मला — 'अहो, त्या मुलीचा गुडघा दुखतोय. तिच्या आईला कळवा ना कुणीतरी.'"

सकाळच्या गाडीने निघतेय. मीच कळवते.