पायाखालच्या नऊ पुंगळ्या

मी, धनलाल टिकाराम पटले, वय वर्षे ७२, धंदा शेती, राहणार मौजा बेहडाटोला, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डावा कान तेवढा गेला आहे. मला कोणी धाक दाखवला नाही की दारू पाजली नाही. मुलगा ओमेश याने "कायले लिवता बाबा, मी तं एकटाच हाओ" असे म्हणून अडवून पाहिले, ते मी मानले नाही. शाळेतून निवृत्त झालेले भैयाजी गुरुजी यांनी माझी भाषा दुरुस्त करून दिली आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर, विहीर व गोठा ओमेशला. पुढच्या दोन खोल्यांवरचा स्लॅब सून रविता हिच्या अंगणवाडीच्या पगारातून पडला, म्हणून त्या खोल्यांवर तिचेही नाव चढवावे. ती नोकरी आमच्या घरात कशी आली ते खाली लिहिले आहे.

कलम २. तलावाखालची दीड एकर धानाची जमीन ओमेशला. तिचा उत्तरेकडचा धुरा, म्हणजे बांध, माझा सख्खा भाऊ केशोराव दरवर्षी नांगरताना वीतभर इकडे सरकवतो. आता त्याचे हात थरथरतात, तरी नांगर बरोबर माझ्याच बाजूला वळतो. ओमेशने सरकारी मोजणी आणावी, काठी उचलू नये. केशोरावाला तेरवीचे जेवण पोटभर वाढावे.

कलम ३. बँकेतली ठेव माझ्या दहनाला व तेरवीला वापरावी. पासबुक ट्रंकेत, माझी बायको कै. सुलोचनाबाई हिच्या लुगड्यांखाली आहे. लुगडी रविताने घ्यावीत.

कलम ४. जू, वखर, विळे ओमेशला. बारीक जाळीची चाळणी आणि आखूड दांड्याची खुरपी मात्र कोणालाही देऊ नयेत, मोडून टाकाव्यात. पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंडही घरात ठेवू नये, कासाराला मोडीत द्यावा. त्यातले पाणी मी पंधरा वर्षे प्यालो, आता पिववत नाही. याचे कारण लिहायला मला तीन दिवस लागले. दोन वेळा लिहिलेले पान मी चुलीत घातले.

आमच्या गावामागे टेकडीच्या पायथ्याशी चांदमारी होती. जवान नेमबाजीच्या सरावाला यायचे. सराव संपला की झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गवतातून वेचायला गावातली सात-आठ माणसे रोजीने लावत. जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या पुंगळ्या परत भराव्या लागत. एखाददुसरी हरवली तर हवालदार कुरकुर करून सोडून द्यायचा. मी सर्वांत जुना, म्हणून वेचणाऱ्यांचा मुकादम होतो.

मुकादमच चोर होता. रोवण्यात रोप बोटाने दाबतात तशी मी पुंगळी पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायचो. चार दिवसांनी गवत कापायच्या निमित्ताने जायचो, खुरपीने उकरायचो, चाळणीत धुऊन घ्यायचो. सडक अर्जुनीचा एक भंगारवाला त्या घ्यायचा. चेपलेल्या पुंगळीपेक्षा धड पुंगळीला तो जास्त द्यायचा, कारण धड पुंगळीत पुन्हा बार भरून विकणारे लोक असतात. ते बार कोण भरतो आणि कोणावर उडवतो, हे मी कधी विचारले नाही. मुद्दामच विचारले नाही. गुंड त्यानेच पितळेच्या बदल्यात दिला होता. सुलोचनाबाईला मी तो मंडईच्या जत्रेतून आणला असे सांगितले.

२०११ च्या कार्तिकात आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चिखल मऊ होता आणि मला हाव सुटली. त्या दिवशी अकरा पुंगळ्या कमी भरल्या. हवालदाराने सगळ्यांना रांगेत उभे केले. कै. योगराज टेंभरे याची बायको चमेली मैदानाच्या पार टोकाला होती, ती शेवटी आली. तिच्या पदरात दोन पुंगळ्या बांधलेल्या निघाल्या. वेचलेला माल बायका पदरातच बांधायच्या आणि मग डब्यात टाकायच्या. ती टाकायलाच येत होती. बाकी नऊ माझ्या पायाखाली होत्या.

हवालदाराने मला विचारले. मी म्हणालो, "मले काई मालूम नाई साहेब. तिलेच विचारा."

योगराज गावनात्याने माझा धाकटा भाऊ, म्हणून मी चमेलीचा भासरा. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई डोक्यावरून पदर घेते, त्याच्याशी थेट बोलत नाही आणि चारचौघांत त्याच्याविरुद्ध तर मुळीच बोलत नाही. ती तोंड उघडणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी तिचे नाव पुढे केले. तिने खरेच तोंड उघडले नाही. तिला गाडीत बसवून नेले, दिवेलागणीला सोडले. पुंगळीला आमच्याकडे खोखा म्हणतात; गावात तिला खोखेवाली म्हणू लागले, पोरेसुद्धा.

त्या वर्षी गावातून अंगणवाडीची मदतनीस निवडायची होती आणि चमेलीचे नाव ठरल्यासारखे होते. ग्रामसभेत कोणीतरी म्हणाले, चोरट्या बाईच्या हाती लेकरांचा खाऊ द्यायचा काय? तिचे नाव कापले. त्या जागी माझ्या सुनेचे नाव आले. मी समोरच्या सतरंजीवर बसलो होतो. वर घरी येऊन मी गोड शिरा खाल्ला. रविताला यातले काहीही माहीत नव्हते. हे वाचून ती माझ्या ताटात वाढणार नाही, तर तिचे बरोबर आहे.

कलम ५. कालव्याजवळची पाव एकर धानाची बांधी चमेली योगराज टेंभरे हिला द्यावी आणि माझ्या मरणानंतर हा कागद गावात मोठ्याने वाचावा.

वरील कलम ५ मी रद्द करीत आहे. कारण असे की, काल गुरुजींनी इथपर्यंतचा मजकूर चमेलीच्या ओसरीवर तिला वाचून दाखवला. मी खाली मान घालून बसलो होतो. ती गुरुजींना म्हणाली, "मी तवाच पायलं होतं त्यायचा पाय."

गुरुजी म्हणाले, "मंग बोलली काऊन नाई?"

"भासऱ्याचं नाव कसं घेऊ गुरुजी? मले वाटलं थेच बोलतीन. आज बोलतीन, उद्या बोलतीन. चवदावं वर्स लागलं."

मग ती माझ्याकडे वळली. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे होते. या जन्मात ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बांधी मले नोको. लोक म्हनतीन, चमेलीनं बुड्याले फसवून लिवून घेतलं. द्याची तं तुमच्या सुनेले द्या, तिचा काय कसूर? अना मेल्यावर वाचून कायचा फायदा? मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? जितेपनी वाचा. जिथं मायं नाव कापलं तिथंच वाचा."

तिने विचारले, साक्षीला कोण आहे. गुरुजी म्हणाले, "एक मी. पन ज्याले कागदातून काई भेटते, त्यानं साक्षीत राहू नये."

"म्हनूनच तं नोको म्हनलं," ती म्हणाली.

कलम ६. कालव्याजवळची बांधी रविताला. हे मृत्युपत्र येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी स्वतः उभा राहून वाचीन. मला फार भीती वाटते. केशोराव हसेल, ओमेशची मान खाली जाईल. माझे पाय लटपटले तर गुरुजींनी मला धरावे, कागद हातातून घेऊ नये. त्याआधी मी मेलो तर ओमेशने वाचावा, एक ओळही गाळू नये.

ठिकाण: बेहडाटोला
दिनांक: २० जानेवारी २०२५

लिहून देणार: धनलाल टिकाराम पटले (सही)

खाली सही करणाऱ्यांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

साक्षीदार १: भैयाजी हरिणखेडे, निवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार २: चमेली योगराज टेंभरे, धंदा मजुरी (सही)
सहीखाली तिच्या हाताने लिहिलेले: मी चोरी केली नाई.