रेघेवर चार बोटे

मंगळवार, ता. २४ जानेवारी १९७८. सकाळी ८ वाजून २० मिनिटे.
खडकावर बसून चाकूने पेन्सिलीला टोक काढत आहे. आमची यात्रेची बस द्वारकेहून पुढे इथवर आली. देश इथे संपतो, असे ड्रायव्हर म्हणाला. काळा खडक नाकासारखा समुद्रात घुसला आहे. दोन्ही बाजूंना तुटलेले कडे आणि समोर नुसते पाणी. मी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. फार आनंद झाला.

सोबत केवळरामकाका आहेत. सिहोऱ्याजवळच्या आमच्या तलावावर ते तीस वर्षांपासून पाटकरी आहेत. होळीनंतर त्यांच्या शब्दावर ती जागा मला मिळणार आहे. दगडावर बोटे लावून पाणी मोजायला त्यांनीच शिकवले. म्हणून इथेही पाण्याच्या हातभर वर चाकूने रेघ ओढली.

९-१५. पाणी रेघेला टेकले. काका खालच्या सपाट खडकावर होते. मी हाक मारून सांगितले. ते सगळ्या बसदेखत हसले. म्हणाले, अबे मास्तर, ना पाऊस ना पाट, मंग पाणी कोठून चढन? सातवी नापास झाला अन् समुद्र मोजून राहिला! बायाही हसल्या. मीही हसलो. काकींसाठी तांब्याभर समुद्राचे पाणी भरून त्यांनी माझ्या हाती दिले आणि शंख वेचायला परत खाली गेले.

९-२५. रेघेवर चार बोटे.

बुधवार, ता. २५.
काका गेले. मागून पाणी भरले आणि सपाट खडक सुटा पडला. एक चप्पल सापडली, काका नाहीत. मी पोलिसांना सांगितले की पाणी एकाएकी आले. कोळी म्हणाले, इथे पाणी रोज दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि दर दिवशी पाऊण तासाने उशिरा. अमावास्या-पुनवेला सर्वांत जास्त. हे बसमधल्या एकालाही ठाऊक नव्हते. आमच्याकडे पाणी पावसाने चढते आणि धानाला सोडले की उतरते.

सोमवार, ता. ३०.
ललिताकाकींकडे गेलो. त्यांचे घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, अगदी पहिले. त्या रडल्या नाहीत. एवढेच विचारले, बाबू, तू त्याइले आवाज देला होता ना? मी हो म्हणालो. एकदा दिला होता, हे खोटे नाही. तांब्या पिशवीतच राहिला.

बुधवार, ता. १ फेब्रुवारी.
आजपासून मीच पाटकरी. पाळीवरच्या काकांच्या खोपडीत राहायला आलो. त्यांचा कंदील, त्यांची खाट. तांब्या कोनाड्यात ठेवला, पण त्याच्याकडे पाठ करून जेवता येईना. संध्याकाळी ते पाणी तलावात ओतून दिले. तांब्या राखेने दोनदा घासला.

शनिवार, ता. ४. सकाळी ९-३०.
मोजणीच्या दगडावर काल संध्याकाळपेक्षा दोन बोटे जास्त. पाऊस नाही. पाणी सोडायचे तुडुम बंद आहे, स्वतः पाहिले. दुपारी साडेतीनला ती दोन बोटे उतरलेली. ओव्हरसियरसाहेबांना कळवले. त्यांनी विचारले, मोजता येते ना रे तुला? शिपाई धनीराम हसला.

रविवार, ता. ५. सकाळी १०-२०.
एक वीत. घाटावर बाया कुरकुरत होत्या की साबणाला फेस येत नाही. ओंजळभर चाखले. खारट. उन्हाळी धानाच्या रोपांचे शेंडे पांढरे पडले आहेत.
दर दिवशी पाऊण तासाने उशिरा.

सोमवार, ता. ६. सकाळी ११-१०.
एक हात. पाळीवर ओली पावले. एक अनवाणी, एक चपलेचे. पाण्यातून वर आलेली. परत जाणारी नाहीत. खोपडीच्या दारात एक शंख – ओला –
उद्या अमावास्या. हिशेब केला. बारा वाजता.
संध्याकाळी काकींकडे गेलो. पाळ फुटेल, रातच्या रात माहेरी आंधळगावला जा, असे सांगितले. त्या केविलवाण्या हसल्या. म्हणाल्या, काहून जाऊ बाबू? पाऊस नाही, पाणी कोठून चढन?
तेच शब्द. मी पाळीवर परत आलो. खरे सांगितल्याशिवाय त्या निघणार नाहीत.

मंगळवार, ता. ७. सकाळी ११-२०.
पळून जाता येईल. पण पाळीखाली काकींचा धूर दिसतो आहे. भाकरी करत असतील. तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहितो. ही वही त्यांना नेऊन देईन.

काकी, मी एकदाच हाक मारली. नंतर पाणी रेघेच्याही वर चढलेले मला दिसले होते. काका खाली वाकलेले होते. हाक मारली असती तर निघाले असते. पण पुन्हा सगळे हसतील म्हणून मी हाक मारली नाही. खाली मान घालून आकडा लिहिला. चार बोटे. अक्षर नीट काढले. वर पाहिले तेव्हा –

११-३५. पाळीच्या माथ्याखाली दोन हात शिल्लक. माथ्याच्या दगडावर रेघ आहे. चाकूची. मी ओढलेली नाही.

११-४१. दारात पाणी ठिबकते आहे. एका पायाचा आवाज – चपलेचा –
मान वर करत नाही

११-४६. रेघेला टेकले.
इथून काकींचे दार दिसते. हाक ऐकू जाईल. खात्रीने जाईल. त्या हसल्या तर

११-४९. कोनाड्यातला तांब्या भरलेला आहे

११-५२. रेघेवर चार बोटे. आता हाक मारतो. एवढी ओळ पुरी क