सवलतीच्या अर्जातला एक रकाना

प्रिय चिमे,

तू फोनवर "दुकान कसं चाललंय?" विचारतेस आणि मी "बरं चाललंय" म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात देते. मागच्या वेळी तू त्यावर चिडलीस. खरंय तुझं. पण चोवीस वर्षं फौजेत फोनवर कामापुरतंच बोलायची सवय. आता एकदम कुठून येणार गप्पा? म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढून कापायच्या टेबलावर लिहायला बसलेय. आमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तुझ्या आईला, हे ठाऊक आहे. कागद तिनेच दिलाय, वर अक्षर नीट काढ अशी तंबीही.

दुकान म्हणजे एकच खोली. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला औषधवाला. तिकडे फौजेत मी पॅराशूटच्या घड्या घालायची, फाटलेली शिवायची. इथे दप्तरं, प्रवासी बॅगा, तंबू, दुकानांवरची कापडी छतं. हात मात्र अजून तिकडचाच आहे. पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या पर्सला असा पट्टा लावला, की पर्सच्या चिंध्या होतील पण पट्टा निघायचा नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मला भाजी आणायचीय, विमानातून उडी नाही मारायची." पण नंतर शेजारणीला घेऊन आल्या.

नफ्यावरच्या कराची सवलत मला माहीतच नव्हती. ती सांगितली आमच्या करसल्लागारांनी. त्यांना दोन चष्मे लागतात, एक नाकावर, एक कपाळावर, आणि नेहमी हवा तोच सापडत नाही. माजी सैनिकाने नवा छोटा धंदा काढला तर पहिली तीन वर्षं नफ्यावर कर नाही, मशिनं घेताना भरलेला करही परत. अट अशी, की निवृत्तीपासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा आणि मालकाने स्वतः काम केलं पाहिजे. माझ्या हातात एकोणीस दिवस उरले होते. मी सरळ म्हटलं, नको. नोकरी केली, पगार घेतला, आता मेहेरबानी कशाला?

घरी हे सांगितलं तेव्हा तुझी आई पोळपाट-लाटणं टाकून उठली. "मेहेरबानी कसली? तुझ्या वयाची माणसं वीस वर्षांपूर्वी दुकानं थाटून बसली. गिऱ्हाईक, ओळखी, सगळं जमवून झालं त्यांचं. तू तेव्हा कुठे होतीस? पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर उभी आहेस, तर कुणी हात पुढे केला तो धर की!" तुला तिचा आवाज माहीत आहेच. दुसऱ्या दिवशी मी कर कार्यालयाच्या रांगेत उभी.

काउंटरवरची मुलगी कागद न बघताच म्हणाली, "साहेबांना स्वतः यावं लागेल."

"कोणत्या साहेबांना?"

"तुमच्या. जे फौजेत होते त्यांना."

मी सेवापुस्तक उघडून पुढे सरकवलं. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "अगं बाई!" म्हणाली, आणि आतून माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. मग तासभर माझेच गुडघे, माझेच बूट, माझ्याच उड्या यांची चौकशी. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा कुठे शिक्का पडला.

पुढे तपासणीला एक निरीक्षक आले. सैनिकाचं नाव लावून भलताच कुणी धंदा करतो, अशी प्रकरणं त्यांनी पाहिली होती, म्हणून चेहरा आधीच आंबट. मशीनला हात लावून पाहिला, सुया मोजल्या, मग विचारलं, "काम नक्की करतं कोण?" त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा एका टाक्यावर लोंबत होता. ती मागून घेतली आणि त्यांच्यासमोर पट्टा शिवला, चौकोन आणि त्यात फुली. त्यांनी ओढून पाहिला, मग भिंतीला पाय लावून ओढला. "हे तुटणार कधी?" मी म्हटलं, "या टाक्यावर माणसं खाली आलीत, साहेब. एकही तक्रार नाही." ते हसले. बॅगेचे पैसे मी घेईना, आणि ते दिल्याशिवाय हलेनात. "स्वतःच्या कामाचे पैसे घेणारी मालक, हेच तर मला लिहायचंय," म्हणाले. पावती फाडावी लागली.

सवलत मंजूर झाली, चिमे. पण सगळं कळवलं असं होत नाही अजून.

तुझे वडील गेले तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस. घरात पगार माझा एकटीचा. तुला धाकटीच्या मांडीवर ठेवून मी कामावर परत गेले. यातलं काही तुझ्यापासून कुणी लपवलं नाही. तू बोलायला शिकलीस ती तिच्याजवळ. तिला आई म्हणालीस, आणि ती मला हाक मारते तीच हाक तू मला मारलीस. एकदा सुट्टीत आले तेव्हा बाद झालेल्या पॅराशूटच्या कापडाचा फ्रॉक तुला शिवला होता. तो घालून तू टेबलावरून उडी मारलीस, ओठ फुटला. मी हात पसरून पुढे झाले. तू माझ्या कुशीला घासून पळालीस, तिच्याकडे. त्यात तुझं काही चुकलं नाही. तिचंही नाही.

आता का लिहिलं ते सांगते. मंजुरीबरोबर एक फॉर्म आलाय, सोबत जोडलाय. मला काही झालं तर उरलेल्या वर्षांची सवलत माझ्या अपत्याला मिळते, बहिणीच्या मुलीला नाही. वारसाने स्वतः भरायचा भाग आहे: नाव, वय, सही, आणि सैनिकाशी नातं. सल्लागार म्हणाले, "'मुलगी' लिहून टाका की, जन्मदाखला आहे." मी पेन टेकवलं आणि उचललं. तो शब्द मी तुझ्या वतीने लिहावा, एवढं मी काही केलेलं नाही. तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "माझं काही कमी होत नाही. पाठव तिला." तेव्हा तो रकाना कोरा आहे. तुला वाटेल ते लिही. 'भाची' लिहिलंस तर फक्त सवलत जाईल. दुकान तुझंच आहे, मीही. घाई नाही, महिन्याची मुदत आहे.

तुझीच,
ताई