दोन ओळी घालून जा

३ जानेवारी १९६७, मंगळ.

पालघरहून जावयांचं कार्ड. माघात लग्न करतायत. शालूला जाऊन वर्ष पुरं नाही झालं अजून. 'लग्नानंतर चि. छबीला घेऊन जाईन. आजवर सांभाळलीत, ऋणी आहे.' ऋणी म्हणे! बारशाच्या आदल्या दिवशी आई गेलेलं पोर. दहा महिने वाटी-चमच्याने दूध पाजून मी तिला रांगती केली, आणि हे आता आयत्या बिळावर नागोबा. यापुढे या वहीत त्यांना नुसतं जा. लिहायचं. जास्त शाई घालवायची नाही.

ह्यांनी कार्ड वाचलं, घडी घातली, म्हणाले, बापच आहे तो तिचा. मला माहीत नाही का बाप आहे ते. भाजी करपली. करपलेलीच वाढली.

६ जाने., शुक्र.

ठरवलं. छबी जाणारच असेल तर शालूच्या पातळांची वाकळ अंगावर घेऊन जाईल. आईचा चेहरा तिला आठवायचा नाही, आवाज तर नाहीच. निदान पांघरूण तरी आईचं.

शालूची सगळी पातळं पालघरला, जा.कडे. ह्यांना सांगितलं, मागवून घ्या. माझ्याजवळ एकच आहे, डोहाळजेवणाचं हिरवं. त्या दिवशी शेगडीची ठिणगी उडून पदराला भोक पडलं होतं. चूक माझी, शेगडी मीच जवळ ओढली. शालू रडली. मी रात्रीतून रफू करून दिलं, पण घाईत जाड झालं, बोटाला लागतं. शालू त्यावर अंगठा घासत बसायची.

मंगळवारी-शुक्रवारी दुपारी आम्ही चौघी तारामावशींच्या ओट्यावर शिवायला बसतो, आज तिथे सांगितलं. सगळ्या एकदम हो म्हणाल्या. गोदी नवापूरहून सकाळची मासळी विकून तशीच येते, हात धुतले तरी वास जात नाही. म्हणाली, मी हात तीनदा धुईन. यमुना म्हणाली, आमच्या सोलापूरकडं असं करतात नि तसं करतात. तिच्या सोलापूरकडं सगळंच करतात.

१४ जाने., शनि. संक्रांत

जा.चं उत्तर. पातळं देता येणार नाहीत, 'घरात लागतील'. घरात म्हणजे कोणाला? येणारीला! माझ्या पोरीचं नेसून ती मिरवणार.

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत पोरं येत होती. तिळगूळ दिला. गोड बोलले नाही.

१७ जाने., मंगळ.

मावशींच्या ओट्यावर वाकळ घातली. खाली माझी दोन जुनी लुगडी, मध्ये शालूचं हिरवं, वर तुकडे. रफू मुद्दाम उशाच्या डाव्या कोपऱ्यात घेतलं. छबी डाव्या कुशीवर झोपते, तिच्या हाताशी येईल.

मावशींनी हिरवं हातात घेऊन विचारलं, "ह्यो तिचाच काय?" हो म्हटलं. मग काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांचं तोंड सुईपेक्षा जोरात चालतं.

चौघी चार बाजूंनी बसलो. कडेपासून आत, फेर धरत. मावशींचा नेम ठरलेला: दिसली गोधडी का दोन ओळी घालून जा, कोनाची का असेना. (इथे सगळ्या गोधडीच म्हणतात. मी वाकळ म्हणते. म्हणणार.) विकायला आम्ही कुणी शिवत नाही, हौस म्हणून बसतो. गेल्या वर्षी शालूनंतर मला सुई धरवत नव्हती, तेव्हा यमुनाने हाताला धरून या ओट्यावर आणून बसवलं होतं. ते विसरणार नाही. पण मधली शेवटची चौकट मीच भरणार, हे आज तिघींना बजावून सांगितलं.

२७ जाने., शुक्र.

छबीला ताप. चार दिवस. हिरड्या सुजल्यात. बोईसरचा डॉक्टर म्हणाला दातांचा आहे. दातांचा एवढा असतो? मांडीवरून उतरत नाही. वाकळ मावशींकडेच पडून आहे, राहू दे.

यमुना बघून गेली. जाताना उगाच कोपऱ्या-कोपऱ्यात बघत होती. काय बघतेस विचारलं तर काही नाही म्हणाली.

३१ जाने.

रविवारपासून ताप नाही. खालचे दोन दात दिसतायत. माझं बोट चावलं, चांगलंच.

३ फेब्रु., शुक्र.

ओट्यावर गेले तर वाकळ पुरी! घडी घालून, वर हळदकुंकू. शेवटची ओळ घालण्याआधी चार तांदूळही आत टाकले म्हणाल्या, गोधडी उपाशी ठेवायची नसते. छबी आजारी, मी दमलेली, म्हणून तिघींनी बसून संपवली. मधली चौकटही. बजावून सांगितलं होतं मी.

पण काय बोलणार? तिघींची बोटं टोचून टोचून काळी पडलेली. घेतली आणि आले. छबीच्या अंगावर घातली. ओठ आवळून बसले होते ते अजून दुखतायत.

४ फेब्रु., शनि.

रफू नाही.

डाव्या कोपऱ्यात नाही, उजव्या कोपऱ्यात नाही. सगळी वाकळ इंच इंच दाबून बघितली. मधला थरही जाड लागतोय, हिरवं असं नव्हतं, ते मलमलीसारखं झालं होतं. उन्हात धरली तर आत लाल दिसतं.

कोणीतरी माझ्या पोरीला आतून काढून टाकलंय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, सरकलं असेल. चौघींनी घातलेल्या टाक्यांतून आख्खं पातळ सरकतं होय! बांधकामाच्या साइटवर असाच हिशोब करता का तुम्ही, असं विचारलं. जेवले नाहीत.

७ फेब्रु., मंगळ.

गेले, वाकळ मध्ये टाकली आणि विचारलं, कुणी केलं?

यमुना जमिनीकडे. गोदी मावशींकडे. मावशी माझ्याकडे. म्हणाल्या, "मी काडला त्यो. बालंतपनान गेलेल्या बाईचा कापड पोरीच्या आंगावर नाय घालायचा. ती वडते. तू तो घातला नि पोर तापली. मी काडला नि पोर उठली. बग तूच."

आत काय घातलं म्हणून विचारलं तर स्वतःचं लाल लुगडं. सात पोरांच्या वेळी नेसलेलं, साती जगली, म्हणून. त्यांनी जपून ठेवलेलं, लेकींनाही दिलं नव्हतं म्हणे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "तुमची सात जगली म्हणून माझी एक पुसून टाकायची? माझी शालू पोराला ओढेल? अकरा दिवस छातीशी धरून होती ती." मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, तर अजूनच चिडले. रडायचं मी, आणि रडतेय ही.

यमुना त्या दिवशी कोपऱ्यांत शालूचं आणखी काही उरलंय का तेच बघत होती, आता कळलं. हिरवं कुठंय विचारलं. मग गोदी बोलली. मावशींनी तिच्याकडे दिलं होतं. तिने नवापूरला नेऊन समुद्रात सोडलं.

वाकळ उचलून घरी आले. चपला तिथेच राहिल्या. आणायला जाणार नाही.

८ फेब्रु.

तीन तारखेला पुरी झालेली वाकळ. ताप गेला २९ला. मावशींनी पातळ काढलं कधी, हे कसं विचारायचं? आणि मी हा हिशोब का मांडतेय? दातांचा ताप होता, डॉक्टर म्हणाला. मी सुद्धा त्यांच्यासारखीच वेडी.

१० फेब्रु., शुक्र.

गेले नाही. चपला यमुनाची पोरगी दारात ठेवून गेली. धुतलेल्या.

२१ फेब्रु., मंगळ.

जा.चं लग्न काल झालं. हे गेले होते! जायलाच हवं, लोक काय म्हणतील. लोकांची पोरगी गेली का? येताना बुंदीचे लाडू आणले. शेजारच्या बिहारी मजुराच्या बायकोला देऊन टाकले. "भाभी, किसकी शादी?" विचारत होती. म्हटलं, किसी की नहीं.

मंगळवार. दुपारी हात नुसते बसत नाहीत. तांदूळ निवडले, निवडलेलेच परत निवडले.

२८ फेब्रु.

गोदी आली. सुके बोंबील घेऊन. घेतले नाहीत. उंबऱ्यावरच बसून राहिली, जाईना. मग तिने सांगितलं कसं सोडलं ते. आधी पातळ धुतलं. खणाची घडी करतात तशी केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. भरतीला नाही, ओहोटी लागल्यावर सोडलं, परत किनाऱ्याला येऊन कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. "पोरगी सासरी धाडतात ना ताई, तशी धाडली."

मी तिला म्हटलं, ऊठ, जा. ती गेल्यावर रडले. एवढं प्रेमाने करायचं होतं तर करायचंच कशाला?

बोंबील उंबऱ्यावर ठेवून गेली आहे. मांजराने एक नेला.

१२ मार्च, रवि.

जा. आले. ती पण. कमल नाव. बावीस-तेवीसची असेल, हाताची हाडं दिसतात. नांदेडकडची कुठली तरी, आई नाही.

गळ्यात टाक. सवतीचा. चांदीच्या नखाएवढ्या पत्र्यावर उमटवलेली बाई, ती म्हणे माझी शालू. मेल्या सोनाराने नाक कुणाचं काढलंय! शालूचं नाक माझ्यासारखं बसकं होतं. जेवायला बसण्याआधी कमलने टाकाला घास दाखवला, मग खाल्ला. मी तिचा राग करायचा ठरवून बसले होते. करताच येईना, त्याचाच राग आला.

छबी जा.कडे गेली नाही. किंचाळली. कमलने ओढून घेतलं नाही, नुसती जवळ बसून राहिली.

जेवणानंतर आत येऊन तिने पिशवीतून एक पातळ काढलं. निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. शालूला मीच घेतलं होतं, पहिल्या दिवाळीला. कमल म्हणाली, "मला नेसायला दिलंय त्यांनी. ताईंचं मला नेसवत नाही. तुम्ही वाकळीसाठी मागत होतात, मी पत्र वाचलं." वाकळ म्हणाली. गोधडी नाही.

भिंतीला टेकलेली आमची वाकळ दाखवून मी सगळं सांगितलं. कशाला सांगितलं देव जाणे. ती म्हणाली, "मग उसवून हे आत घाला. तोवर छबी इथंच राहू दे. पुरी झाली की आम्ही येऊ."

जा. बाहेरून म्हणाले, किती दिवस लागतात एका गोधडीला? आणि ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, न विचारता उत्तर दिलं: चौघी बसल्या तर आठ दिवस.

आठ दिवस! या माणसाला कधी कशाची घाई नसते. आजच होती.

१४ मार्च, मंगळ.

निळं पातळ आणि वाकळ घेऊन ओट्यावर गेले. पाच आठवड्यांनी. घरी एकटीने उसवायला बसले होते, पहिलाच टाका तोडवेना.

मावशींना म्हटलं, शालूचं दुसरं पातळ मिळालंय, हे आत जाणार, कुणी काढलं तर मी त्याचा हात मोडेन. मावशींनी निळं उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "घाल. माजा पन ऱ्हाऊ दे वर. दोघी मिलून राखतील." भीती गेलेली नाही त्यांची, दिसत होतं. तरी सुईने स्वतःच कडेचा पहिला टाका उसवला.

लाल राहू दिलं. माफ केलं असं नाही. राहू दिलं.

एक लांब बाजू पुरी उसवली, आतल्या ओळीही. निळं आत सारून सपाट केलं. रफू नाही त्याला कुठे, नवंकोरंच होतं. काय करणार.

यमुनाने विचारलं, पुरी झाली की छबी जाणार ना? उचलली जीभ लावली टाळ्याला.

१७ मार्च, शुक्र.

दोन वीत शिवली. एकटीनेच. टाके वाकडे येतायत. तिघी आपापलं काहीबाही घेऊन बसल्या होत्या. वाकळ मध्येच पसरलेली, तरी एकीनेही सुई लावली नाही. चिडलेच. माझ्यावर रुसून बसल्यात की काय? एरवी कुणाचं फडकं दिसलं तरी दोन ओळी घालतात.

२१ मार्च, मंगळ.

जा.चं कार्ड. 'गोधडी कुठवर आली ते कळवावे.' ह्यांनी दौत-टाक घेतली, म्हणाले काय लिहू.

मी म्हटलं थांबा, बघून येते.

ओट्यावर वाकळ शुक्रवारसारखीच. उघड्या बाजूला हात घालून बघितला, निळं तिथंच, लालही तिथंच. छबीला बरोबर नेलं होतं. ती सरळ वाकळीवर जाऊन बसली, उघड्या बाजूत पाय घालून. तिघी आल्या. गोदीने हात तीनदा धुतले. यमुनाने दोरा ओवला, वाकळीकडे बघितलं आणि सुई परत खोचून ठेवली. मावशी तर सुईच आणली नाही म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा कळलं. पुरी झाली तर छबी जाणार ना. मूर्ख मी, चार दिवस त्यांच्यावर जळत होते.

दिवेलागणीपर्यंत चौघी नुसत्या बसून राहिलो. ओट्यावरून जाणाऱ्या बायका बघत होत्या, या आज शिवत का नाहीत म्हणून. बघू देत.

कमलचं तोंड डोळ्यांसमोर येतं. ती वाट बघत असेल. तिचाही राग येतो, आणि तिला फसवतेय म्हणून माझाही.

घरी आले. हे अजून दौत-टाक घेऊन बसलेले. म्हटलं लिहा, एक बाजू उघडी आहे.