अबू नासरची काडतुसं

२ जानेवारी २००१, मंगळवार
इथे आखातात, नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये काडतुसं भरायचं काम आजपासून माझ्याकडे. एकवीस वर्षं लेथवर काढली, त्यापुढे हे म्हणजे पोरखेळ. पितळी केस म्हणजे कवच, बुडात ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, वर गोळी. संपलं. मेंबर अबू नासर, वय साठच्या पुढे, महिनाअखेरीस आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जाणार. रायफलीच्या नळीत माझी करंगळी जाते. स्टोअर सांभाळणाऱ्या रबियाने मॅन्युअल आणून दिलं. परत केलं. संकल्प: एकही काडतूस फुसकं निघणार नाही.

५ जानेवारी, शुक्रवार
अबू नासरनी झाडून पाहिली. दहातली चार उडाली. बाकीची नुसती टक्. टोप्यांचा माल भिकार. शी. नव्या मागवल्या.

१२ जानेवारी, शुक्रवार
नव्या टोप्या. तीन उडाली. म्हणजे दोष हवेचा. सकाळी आठ डिग्री, दारू गारठणारच. अबू नासर मला मुहंदिस म्हणतात, म्हणजे इंजिनियर. म्हणाले, मुहंदिस, टक् ऐकून रेडा थांबत नाही. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हाताऱ्याच्या बोटात जोर नसावा.

१५ जानेवारी, सोमवार
रायफल उघडून पाहिली. स्प्रिंग सैल वाटली. रबिया म्हणाली, दत्तूभाई, कंपनीची काडतुसं याच रायफलीत सगळी उडतात. विचारलं होतं कुणी? बाई हैदराबादची, बोलणं गोड, सवय उकरून काढायची. वीट आला.

१७ जानेवारी, बुधवार
रबियाने माझं एक न उडालेलं काडतूस सुटं केलं. आत पांढरा चिकट थर. खोबरेल. पितळी केस साच्यात दाबताना अडकू नये म्हणून लावतो, आईने कुडाळहून पाठवलेलं, शुद्ध. पुसायचं कधी राहतं. ती म्हणाली, तेल टोपीपर्यंत पोचलंय, टोपी मेली. मी म्हटलं, तेलात खोट नाही, इथल्या थंडीत आहे. मग तिने पितळी केस साबणाने धुतल्या, वाळवल्या, दहा काडतुसं भरली. वर्कशॉपला धोबीघाटाचा वास. किळस आली.

१९ जानेवारी, शुक्रवार
तिची दहाच्या दहा उडाली. योगायोग. माझी सहा. आठवड्यात दुप्पट. प्रगती कुणाला दिसत नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार
अबू नासर उद्या निघणार. टेबलावर दोन डबे, एक माझा, एक रबियाचा. मी स्पष्ट सांगितलं, बाबा, माझा न्या, अनुभवाचा माल आहे. ते म्हणाले, बरं, तुझाच नेतो. तूही चल. तिकीट माझं. रेडा अंगावर आला की माझ्या शेजारी उभा राहा.

मी म्हटलं, माझी पाठ दुखते.

त्यांनी मान हलवली. रबियाचा डबा उचलला, शुक्रन म्हणत तिचे आभार मानले आणि गेले.

पाठ खरंच दुखते. कधीकधी.