वळण नसलेला व्हरांडा

४ ऑगस्ट
शाळेत असताना खेळाच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "तू राखीव. पाण्याच्या बाटल्या सांभाळ." तीस वर्षं झाली. मनात काहीच ठेवलेलं नाही. सहज आठवलं, कारण आज मुख्याध्यापिकांनी मुलींची रिले टीम माझ्याकडे दिली. खेळाच्या शिक्षकांची जागा रिकामी आहे आणि मीटिंगमध्ये बाकी सगळे खाली बघत होते. अट एकच: आंतरशालेय स्पर्धेत पहिल्या तिनात या, नाहीतर टीम बंद, ती वेळ जादा गणिताला. गणित मीच शिकवते. म्हणजे कुठूनही जिंकणार मीच.

५ ऑगस्ट, सकाळी ६.१०
संकल्प: रोज मुलींबरोबर दोन राउंड पळणार.

६ ऑगस्ट
गुडघा. तसंही कोचनं पळायचं नसतं, बघायचं असतं.

११ ऑगस्ट
नव्या वर्गखोल्यांसाठी मैदानभर विटा आणि वाळू येऊन पडली. घाबरले नाही. वरच्या मजल्याचा व्हरांडा टेपनं मोजला: बावन्न मीटर, नाकासमोर सरळ. जाऊन-येऊन शंभरच्या वर. बॅटन म्हणून जुन्या नकाशाची दांडी कापली. भूगोलाचे सर तेव्हापासून बोलत नाहीत.

२ सप्टेंबर
चौघींच्या वेळा ग्राफवर मांडल्या. रेषा काय सुंदर उतरतेय. घरी ह्यांना दाखवला. म्हणाले, या हिशोबानं मार्चमध्ये मुली निघायच्या आधीच पोचतील. ह्यांना खेळातलं काही कळत नाही.

१९ सप्टेंबर
सहामाहीत चौघींपैकी तिघी गणितात नापास. पेपर मीच तपासले. सगळ्यात वेगवान मुलीला, जिला सगळे सुतळी म्हणतात, अकरा मार्क. का गं, विचारलं. म्हणाली, पळताना डोकं रिकामं होतं, मॅडम, ते नंतर भरतच नाही. विचारी मुलगी आहे. पहिली तीच पळणार. गणिताचं डिसेंबरात बघू.

२१ नोव्हेंबर
स्पर्धा. सुतळी सगळ्यांच्या पुढे होती. हे लिहून ठेवायलाच हवं. मग ट्रॅक वळला. ती नाही वळली. शेजारच्या लेनमध्ये, तिथून पुढच्या, थेट पंचांच्या खुर्चीपर्यंत. टीम बाद.

तीन महिने व्हरांडा मोजत होते. त्याला वळण नाही, एवढंच दिसलं नाही.

परतताना बसमध्ये ती शेजारी येऊन बसली. "मॅडम, चुकलं माझंच ना?"

मी पाण्याची बाटली पुढे केली.

२४ नोव्हेंबर
टीम बंद. जादा गणित सुरू, तीच वेळ, तोच मजला. चौघी शेवटच्या बाकांवर. सुतळी थोडा वेळ दाराबाहेर बघत होती, नंतर तेही थांबलं. आजचा धडा, वर्तुळ.

२५ नोव्हेंबर
ऑफिसात अर्ज दिला. क्लार्क उभ्या-उभ्याच वाचून म्हणाले, त्या कोपऱ्यात उद्या कपाटं येतायत, कागद कशाला वाया घालवता. तरी दिला. नक्कल इथे ठेवते:

'स्पर्धेतली चूक धावणाऱ्या मुलीची नव्हती, माझी होती. हे तिच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगण्याची परवानगी मिळावी. तसंच, तळमजल्याचा व्हरांडा ऑफिसपाशी वळतो. तेवढा कोपरा रोज वीस मिनिटं आम्हाला मिळावा.'